हळदीचा डबा

पाथरीच्या आश्रुबा ड्रायव्हरला कुणी गाडी तापते म्हणून सांगितलं की तो आधी हसायचा आणि मग हळद मागायचा. मूठभर हळद रेडिएटरच्या तोंडात टाकायची, वरून घागरभर पाणी ओतायचं आणि इंजिन दहा मिनिटं चालू ठेवायचं. हळद फुटक्या नळीत जाऊन फुगते, घट्ट बसते आणि गळती थांबते. जखमेचं रक्त थांबवणारी हळद पितळी नळीचं पाणी का थांबवणार नाही, असा त्याचा रोकडा सवाल असे. आणि ती थांबवायचीही, हे कबूल केलं पाहिजे. पाथरी ते परभणी रस्त्यावर ‘आश्रुबाची हळद’ म्हणून ही विद्या गाजली होती. एखाद्याचं असं नाव झालं की त्याला पुढं काही शिकवायला जाणं म्हणजे डोकेफोड.

ट्रक बन्सीधर शेठच्या जिनिंगचा होता. लढाई संपल्यावर मिलिटरीनं लिलावात काढलेला हा गडी शेठनं हौसेनं आणला. निजामाचं राज्य जाऊन पाच वर्षं झाली तरी ट्रकच्या दारावरचा मिलिटरीचा हिरवा रंग गेला नव्हता. रेडिएटरची मात्र चाळणी झाली होती. त्यात आश्रुबानं आजवर किती हळद घातली असेल ते त्यालाही सांगता आलं नसतं. सीटखाली पत्र्याचा डबा कायम भरलेला असे. त्याची बायको पारूबाई घरच्या हळदीतूनच तो भरून द्यायची आणि दर वेळी म्हणायची, “माणसास्नी पुरंना, अन् गाडीला घाला.”

फाल्गुनात परभणीच्या बाबूमियाँ मिस्त्रीनं आश्रुबाचा हात धरून रेडिएटरवर ठेवला होता. आधी वर, मग खाली.

“देखो वस्ताद. ऊपर आग, नीचे ठंडा. पानी नीचे उतरताच नै. तुमारी हल्दी सब नल्यां में बैठ गई. दो दिन गाडी छोडो, खोलके साफ करता मैं.”

शेठ तर निघतानाच म्हणाले होते, दुरुस्तीला लागले तर चार दिवस ठेव. पण आश्रुबाचा स्वाभिमान दुखावला. सगळ्या अड्ड्यासमोर आपली हळद काढली म्हणजे काय? “मला गाडी शिकवतो व्हय?” म्हणत त्यानं स्टार्टर मारला आणि तडक पाथरी गाठली. खोटं कशाला बोला, त्या दिवशी गाडी तापलीही नाही. हवा अजून गार होती.

वैशाखात त्याची लेक मनकर्णा अडली.

एकुलती एक लेक, पहिलटकरीण, बाळंतपणाला माहेरी आलेली. दोन रात्री कळा देऊन ती थकून गेली होती. तिसऱ्या दिवशी सकाळी सारजाबाई सुईण हात पुसत बाहेर आली. आश्रुबाही तिच्याच हातावर जन्मला होता, तेव्हा ती त्याच्याशी आडपडदा ठेवत नसे.

“माझे हात टेकले, बाबा. लेकरू आडवं हाय. परभणीच्या दवाखान्यात ने. आज दुपारच्या आत पोचली तर पोर हाती लागंल.”

सकाळची मोटार निघून गेली होती. शेठनं विचारायच्या आधीच ट्रक दिला. पाठीमागं सरकीची पोती पसरली, त्यावर दोन गाद्या, वर ताडपत्री. पारूबाईनं लेकीचं डोकं मांडीवर घेतलं, सारजाबाई पायाशी बसली. अठ्ठावीस मैल. आश्रुबानं मनातल्या मनात पोखर्णीच्या नरसिंहाला नारळ बोलला आणि गाडी काढली.

मानवत मागं पडेपर्यंत सगळं बरं चाललं. मग इंजिनच्या उष्णतेचा काटा चढायला लागला. ऊन असं होतं की दाराच्या पत्र्याला कोपर लागलं तरी चटका बसावा. तीन-चार मैलांत काटा पार टोकाला गेला आणि बॉनेटमधून वाफ निघाली. आश्रुबानं गाडी थांबवून ओल्या पोत्यानं झाकण फिरवलं. उकळतं पाणी हातभर उसळलं. आत पाणी अर्धंही उरलं नव्हतं.

“पाणी कुटं जायलंय हे?” तो वाकून खाली बघायला लागला. रेडिएटर कोरडा, नळ्या कोरड्या, खालची माती कोरडी. पंखा फिरत होता, पट्टा ताठ होता. गळतीची एक खूण नव्हती. पाणी जात होतं ते उकळून, आणि उकळत होतं ते खाली उतरून गार व्हायला वाट नव्हती म्हणून. कोरडी माती त्याला तेच सांगत होती. पण पंधरा वर्षांची सवय. पाणी कमी झालं की हात सीटखाली जायचा, तसा आताही गेला. त्यानं दोन मुठी हळद टाकली, पाण्याचा कॅन अर्धा रिकामा केला आणि स्टार्टर मारला.

चार मैल. पुन्हा काटा टोकाला. या वेळी आश्रुबानं विचारही केला नाही. मागून मनकर्णाचा आवाज येत होता, “आई गं, आई गं,” आणि त्यानं सारा डबाच रेडिएटरमध्ये उपडा केला. वर शेवटचं पाणी ओतलं.

दोन मैलांवर इंजिननं ठोके दिले, गुरगुरलं आणि बंद पडलं.

रस्त्याच्या कडेला एक मळा होता. विहिरीवर मोट चालू होती, शेजारी आंब्याचं झाड. मोट हाकणारा शेतकरी, आप्पाराव त्याचं नाव, बैल तसेच सोडून धावत आला. चौघांनी मिळून मनकर्णाला गादीसकट आंब्याखाली आणलं. तिचे ओठ पांढरे पडले होते.

आश्रुबानं रेडिएटरवर हात ठेवला. वर ठेवला आणि भाजून झटकला. खाली ठेवला. खाली गार होतं. इतकं गार की हात ठेवून बसावं. बाबूमियाँचा शब्द न् शब्द त्याच्या कानात वाजला, आणि त्याला स्वतःची अशी शरम वाटली की त्यानं मान वर केली नाही.

“पावणं, गाडी जुंपू का?” आप्पारावनं विचारलं. “परभणी धा मैल ऱ्हायली. बैल दमाचे हायेत. तीन तासांत नेऊन घालतो.”

पारूबाई उठूनच बसली. “जुंपा वो दादा.”

“थांबा,” आश्रुबा म्हणाला. “बैलगाडीत हिचे हाल हाल व्हतील. मला तासभर द्या. गाडीचा रोग घावलाय मला. नळ्या धुतल्या की अर्ध्या घंट्यात परभणी.”

“अवो, नका. जुंपू द्या त्यास्नी.”

“तासभर म्हनतो ना!”

पारूबाईनं लेकीचं डोकं पुन्हा मांडीवर घेतलं. गाडीतलं नवऱ्याला कळतं, एवढं ती आयुष्यभर मानत आली होती. इथं आश्रुबाला दोष द्यायचा तर मलाही जड जातं. त्याला रोग खरंच कळला होता, इलाजही ठाऊक होता, आणि केलेली चूक आपल्याच हातानं निस्तरायची ओढ भल्याभल्यांना आंधळं करते.

गंजलेले बोल्ट निघायलाच तास गेला. रेडिएटर खांद्यावर घेऊन तो मोटेचं पाणी पडतं त्या थारोळ्यात उतरला, उलटा करून धरला, आणि ओरडला, “हाका!” आप्पारावनं बैल हाकले. मोट वर आली आणि सगळं पाणी रेडिएटरच्या खालच्या तोंडावर कोसळलं. वरच्या तोंडातून थेंब आला नाही. दुसरी मोट. तिसरी. तो रेडिएटर आपटायचा, हलवायचा, तोंडात तार घालायचा, पुन्हा धरायचा. सातव्या मोटेला पिवळी धार लागली. दहाव्याला हळदीचे गोळे पडायला लागले, चिखलासारखे, बोटाएवढे. इतक्या वर्षांची हळद. थारोळं पिवळं झालं, पाटाचं पाणी पिवळं झालं, आप्पारावच्या वांग्याच्या वाफ्यात पिवळं पाणी शिरलं.

मनकर्णाचं कण्हणं त्याला ऐकू येत होतं. मग ते कमी झालं. तिला जरा डोळा लागला असेल, असं त्यानं मनाशी धरलं आणि आणखी चार मोटा घेतल्या.

रेडिएटर बसवला, नळ्या आवळल्या, स्वच्छ पाणी भरलं. स्टार्टर मारला तशी गाडी पहिल्या झटक्यात सुरू झाली. त्यानं हात लावून पाहिला. वर गरम, खाली कोमट. पाणी फिरत होतं. सूर्य डोक्यावरून कलला होता.

“झालं! चला, उचला!” तो ओरडत आंब्याकडं धावला.

कुणीच उठलं नाही. सारजाबाईनं पदर तोंडाला लावला होता. पारूबाई लेकीच्या केसांतून हात फिरवत होती.

“मघाच गेली,” सारजाबाई म्हणाली. “दोगंबी गेली.”

आश्रुबा तिथंच खाली बसला. तो रडला नाही. मागं गाडीचं इंजिन एका लयीत चालू होतं, आणि ते बंद करावं हेसुद्धा त्याला सुचलं नाही. शेवटी आप्पारावनं, “पावणं, ते तेवढं बंद करा,” म्हटलं तेव्हा तो उठला.

थोड्या वेळानं सारजाबाई हलक्या आवाजात म्हणाली, “सवाष्ण पोर हाय. हळदी-कुंकवाबिगर कशी न्यायची? कुंकू हाय माझ्याकडं. आश्रुबा, तुझ्या गाडीत हळदीचा डबा असतोय की.”

त्यानं सीटखालून डबा आणला. उपडा केला. बुडाशी थापट्या मारल्या. चिमूटभरही पडली नाही. मग तो तसाच थारोळ्याशी गेला आणि काठावर बसलेला पिवळा गाळ बोटांनी खरवडून ओंजळीत घेऊन आला. त्या ओंजळीतून पाणी ठिबकत होतं. वर्षापूर्वी याच हातांनी त्यानं लग्नात लेकीला हळद लावली होती.

“ती नको,” पारूबाई म्हणाली. नवऱ्याकडं तिनं पाहिलंही नाही. “गाडीची हळद माझ्या लेकीला लावायची न्हाई.”

सारजाबाईनं नुसतंच कुंकू लावलं.

“घरी न्यायला गाडी हाय,” आश्रुबा कसाबसा म्हणाला. “आता तापत न्हाई ती.”

पारूबाईनं आप्पारावकडं तोंड वळवलं. “दादा, मघा जुंपतो म्हनला व्हता. आता जुंपा.”

आप्पारावनं मोटेचेच बैल सोडून गाडीला जुंपले. मनकर्णाला गादीसकट वर ठेवलं, पारूबाई आणि सारजाबाई तिच्या दोन्ही बाजूंना बसल्या, आणि बैलगाडी पाथरीच्या वाटेला लागली.

ट्रक तिथं टाकून जाता येत नव्हतं, आणि पुढं काढून जाणं आश्रुबाच्यानं होईना. तो पहिल्या गियरमध्ये बैलांच्या मागं निघाला. अठरा मैल. अशा चालीनं वैशाखात कोरी करकरीत गाडीसुद्धा तापते, कोणताही ड्रायव्हर सांगेल. आश्रुबा सारखा काट्याकडं पाहत होता. मानवत आलं, ऊन उतरलं, पुढं बैलगाडीत पारूबाईचा हंबरडा एकदा फुटला आणि थांबला. काटा होता तिथंच होता. तो चढावा, गाडी पेटावी, सगळं एकदाचं थांबावं, असं त्याला फार वाटत होतं. पण नळ्या आता साफ होत्या, आणि गाडी घरापर्यंत तापली नाही.