पिवळी रेघ

मिस पिंकहॅम गेल्या आणि त्यांच्या घरातलं सामान गावच्या सभागृहात लिलावाला आलं. रजया, चिनी मातीची भांडी, डुगडुगणारं एक मेज, आणि ते चित्र. ते चित्र म्हणजे माझ्या ताईचं शेत, असं निदान ते चित्र काढणाऱ्याचं तरी म्हणणं होतं. तो न्यूयॉर्कचा एक चित्रकार, युद्धाआधी एक उन्हाळा मिस पिंकहॅमकडे भाड्याने राहिला आणि जाताना चित्र त्यांच्याकडेच ठेवून गेला. त्याने गोठा काढला तो तिरका, टेकडी निळी आणि चौकोनी, गायी म्हणजे नुसते काळे ठिपके. आणि मधोमध दोरीवर कपडे वाळत घालणारी माझी ताई अल्थिया म्हणजे एक उभी पिवळी रेघ. तीसुद्धा धड जमिनीपर्यंत पोचलेली नाही.

माझ्या दाजींना, मर्टन टटलना, या रेघेने जन्माची शिदोरी दिली. चर्चच्या पायरीवर, डेअरीत, बर्फ उपसताना, जो भेटेल त्याला सांगायचे, "आमची बायको पाहिलीत का चित्रातली? लग्नात चांगली भरलेली होती हो! माझ्या घरी येऊन रेघ झाली. तीपण अर्धवट, पायाशी आल्यावर गड्याचा रंग संपला!"

लोक हसायचे. ताईही हसायची. पण मी तिची पाठची बहीण, तिचं कुठलं हसू ओठांपुरतं असतं ते मला कळतं. एकदा मटार सोलताना ती म्हणाली, "रो, कुणीतरी उन्हाळाभर माझ्याकडे नीट बघितलं गं. रेघ तर रेघ." आणि पुन्हा मटार सोलायला लागली.

लिलाव नोव्हेंबरात होता. हरणांच्या शिकारीचे दिवस, त्यामुळे झाडून सगळ्या पुरुषांच्या अंगात लाल-काळ्या चौकटींची जाकिटं आणि डोक्यावर पेंडीच्या दुकानात फुकट मिळालेल्या हिरव्या टोप्या. मागून पाहिलं तर नवरा कोण आणि शेजारी कोण, देवाला ठाऊक. दाजी ताईला म्हणाले, "मी बाहेर लिलावातलं गवताचं दाताळं बघून येतो." ताई दाजींना म्हणाली, "मी स्वयंपाकघरात भांडी घासतेय." मी ॲपल पाय विकायला भिंतीशी बसले होते. मला दोघंही दिसत होती. दाजी पहिल्या रांगेत, कारण एका कानाने कमी ऐकू येतं, आणि ताई पार मागे सभागृहाच्या स्वयंपाकघराच्या खिडकीत, हाताला साबण.

आमच्याकडे लिलावाचे दोन रिवाज. आपल्यावर बोली कोण चढवतंय ते मान वळवून बघायचं नाही, ते असभ्यपणाचं. आणि एखादी वस्तू कुणाला खरोखर मनापासून हवी असली, तर त्याने टोपी काढायची. मग बाकीच्यांनी तोंड मिटायचं.

चित्र आलं. बोस्टनहून आलेल्या एका दुकानदाराने सुरुवात केली. दाजींचं बोट वर गेलं. मागून ताईचं बोट वर गेलं.

"पुढून वाढले! मागून वाढले!" लिलाववाला क्लेटन ओरडत होता. त्याला दोघंही दिसत होती, पण दर बोलीमागे त्याची दलाली वाढत होती, मग तो कशाला बोलतोय! आणि मी? मीही मूग गिळून बसले. आपलेच दात आणि आपलेच ओठ, असा खेळ रोज थोडाच बघायला मिळतो!

बोस्टनवाल्याने हात टेकले. दाजींच्या आजूबाजूचे गावकरी त्यांच्याकडे बघून खुदखुदत होते. मर्टन नेहमीसारखी थट्टा करतोय, असंच सगळ्यांना वाटलं. पण मला दाजींची मान दिसत होती, ती लालबुंद झाली होती. मागे ताई ओठ चावत होती. दाताळी दोन येतील एवढा आकडा झाला होता.

आणि दाजींनी टोपी काढली.

हा माणूस चर्चमध्येसुद्धा शेवटच्या बाकावर बसतो, टोपी काढल्यावर मागून कुणाला डोकं दिसू नये म्हणून. गुळगुळीत टक्कल, आणि मधोमध घोडीने लाथ मारली होती त्याचा खळगा. असं डोकं सबंध व्हरमॉन्टमध्ये दुसरं नाही.

"अगंबाई!" मागून ताई ओरडली. "हा तर आमचा मर्टन!"

दाजींनी रिवाज मोडून मान वळवली. ताईचा साबणाचा हात अजून वरच होता.

"विकलं!" क्लेटनने हातोडा आपटला. "टटलांना! दोन्हीकडून!"

हसून हसून माणसं बाकावर लोळली. ताई मात्र एप्रनला हात पुसत तरातरा पुढे आली. "तुला हवं होतं? तुला? जन्मभर दात काढलेस ना त्याच्यावर?"

दाजी टोपी पिळत होते. मी म्हटलं, "बोला की दाजी. एरवी तर थांबत नाही तुमचं तोंड."

"ती रेघ," दाजी म्हणाले. "खाली टेकत नाही बघ. रंग नव्हता संपला त्याचा. दोरी उंच आहे आपली. तू टाचा उचलून उभी राहतेस."

ताई चित्राकडे वळली.

"इतकी वर्षं तुझ्याबरोबर राहून मला ते कधी दिसलं नव्हतं," दाजी म्हणाले. "त्या उपऱ्याला एका उन्हाळ्यात दिसलं. जळायचो मी. म्हणून हसायचो."

"मग दोरी खाली का नाही बांधलीस?"

"मग तू टाचा उचलल्या नसत्यास."

पुन्हा हशा पिकला. मला मात्र हसू येईना. डोळे भरून आले होते, आणि समोर एक गिऱ्हाईक ॲपल पाय मागत होतं.

ताईने दाजींच्या हातातली टोपी ओढून घेतली. "घाल ती डोक्यावर, सर्दी होईल," म्हणाली. पण तोवर क्लेटनने चित्र दाजींच्या दोन्ही हातांत दिलं होतं, त्यामुळे तिनेच घातली. दाजी आहेत ताडमाड उंच. तिला टाचा उचलाव्या लागल्या.