जिऱ्याच्या पुडीतला शेवट

सिंदी रेल्वेच्या बाजारओळीत महादेवरावांचं किराणा दुकान होतं आणि त्या दुकानात रद्दी पोत्यानं यायची. तिच्यात पेपर असायचे, पोरांच्या वह्या असायच्या, कधीमधी एखादं पुस्तकही निघायचं. महादेवरावांच्या लेखी सगळं सारखंच. त्यातल्या त्यात पुस्तकाचा कागद जाड, म्हणून जिरं-मोहरीच्या पुडीला बरा. त्यांच्या बायकोचं, प्रमिलाबाईंचं, तसं नव्हतं. पोतं उतरलं की त्या आधी ते उपसणार आणि पुस्तक दिसलं की पदराखाली घालून आत नेणार.

"मंग पुड्या कायच्या बांधू? धोतर फाडू काय माह्यं?" असं महादेवराव ओरडायचे. प्रमिलाबाई ऐकून न ऐकल्यासारखं करायच्या. संसारात ही कला त्यांनी लवकर शिकून घेतली होती.

दुपारी दुकान पेंगायचं. तेव्हा मागच्या ओसरीत तीन-चार बाया दुकानाची डाळ निवडायला बसायच्या. हात सुपात गुंतलेले असले तरी कान मोकळेच, म्हणून प्रमिलाबाई त्यांना पुस्तक वाचून दाखवायच्या. त्र्याण्णव साली या बायांत धुरपता नवीन आली. जाम गावच्या सासरी नवऱ्याचा मार खाऊन खाऊन ती शेवटी चार वर्षांच्या खुशीला कडेवर घेऊन भावाकडे निघून आली होती. बोलायची फार कमी. सासरहून निरोपावर निरोप येत होते आणि भाऊही आता "जाय वापस" म्हणायला लागला होता.

नेमकी तेव्हाच रद्दीतून एक कादंबरी निघाली. तिच्यातली वत्सलाही पोरीला घेऊन नवऱ्याच्या घरून निघालेली. आता ती परत जाते की नाही, यावर ओसरीत रोज वाद व्हायचा. त्या बायांतली पंचफुला तर एकदा ऐकता ऐकता खडे सुपात ठेवून डाळच फेकत होती. धुरपता वादात पडायची नाही. मान खाली घालून निवडत राहायची. पण वाचन थांबलं की तिचा हात थांबायचा, हे प्रमिलाबाईंनी हेरलं होतं.

आणि बाजाराच्या दिवशी घात झाला. गर्दीत रद्दी संपली. पुस्तक गल्ल्याशेजारी राहिलेलं. महादेवरावांनी ते उचललं आणि पानं फाडली, तीही मागून, कारण पुढून फाडलं की पुस्तक खिळखिळं होतं हा त्यांचा अनुभव. आठ पानं गेली, आठ पुड्या झाल्या.

"अहो, शेवट होता त्याच्यात!" प्रमिलाबाईंनी कपाळावर हात मारला.

"शेवट काय असते? लगन, नाई त मरण," महादेवराव शांतपणे म्हणाले. "दोन्ही तुले माईत आहे."

त्या दिवशी त्यांना वरणात मीठ मिळालं नाही.

दुसऱ्या दिवशी प्रमिलाबाई घरोघरी पुड्या मागत फिरल्या. लोक हसले, पण पानं दिली. एकाला हळद, एकाला तेल, एकावर कुणाच्या तरी लेकरानं काढलेला बैल. अशी सहा पानं मिळाली. शेवटची दोन काही मिळाली नाहीत. धुरपतानंही त्या दिवशी जिऱ्याच्या दोन पुड्या नेल्या होत्या. पण त्या कुठं गेल्या, ते तिच्या वहिनीलाही सांगता येईना.

दुपारी बाया जमल्या. प्रमिलाबाईंनी सहा पानं वाचली. मग पुठ्ठ्याला लागून उरलेलं कोरं पान समोर धरलं आणि शेवट हरवला म्हणून सांगायला तोंड उघडलं. समोर धुरपता बसली होती. तिचा हात सुपात थांबला होता. प्रमिलाबाईंनी चष्मा सावरला आणि त्या कोऱ्या पानावरून वाचायला लागल्या. वत्सला परत गेली नाही. तिनं नाल्याकाठची अर्धा एकर जमीन ठेक्यानं घेतली. मेथी लावली, सांबार लावला, म्हणजे कोथिंबीर, जुड्या बांधून बाजारात बसली आणि पोरीला शाळेत घातलं.

आठ दिवसांनी धुरपतानं न्यायला आलेल्या दिराला दारातूनच वापस पाठवलं. भावाशी भांडून तिनं नाल्याकाठचा एक तुकडा ठेक्यानं घेतला. प्रमिलाबाईंना हे कळलं तेव्हा त्यांच्या पोटात गोळा आला. थाप मारावी ती जेवणाखाण्याची, उपासतापासाची. ही तर एका बाईच्या जन्माची थाप झाली होती.

तो गोळा पुढे सोळा वर्षं विरघळला नाही. तसं धुरपताचं काही वाईट झालं नव्हतं. अर्ध्या एकराचे दोन झाले. खुशी शिकली, नर्स झाली. दर हिवाळ्यात पहिल्या खुड्याची मेथी धुरपता प्रमिलाबाईंच्या ओसरीत आणून ठेवायची आणि पैशाचं नाव काढलं की रागवायची. पण पावसानं दडी मारली, वांग्याला कीड लागली की प्रमिलाबाईंना वाटायचं, हे आपल्यामुळे. खरा शेवट काय होता कुणास ठाऊक.

दोन हजार नऊच्या डिसेंबरात त्यांची मुलगी रुचिका पुण्याहून आली. जावई कामानिमित्त अमेरिकेला गेला होता. त्यानं तिथून पुस्तकं वाचायचं यंत्र आणलं होतं, पाटीएवढं आणि पाटीसारखंच राखाडी. त्याला मराठी येत नव्हतं. पण रुचिकानं त्यावर तोड काढली होती. पानांच्या माथ्यावरचं नाव तिच्या लक्षात होतं. नागपूरच्या एका जुन्या वाचनालयात तिनं तीच कादंबरी शोधली, पानांचे फोटो काढले आणि यंत्रात भरले.

"आई, आता पूर्ण वाच," ती म्हणाली. "अक्षर लागेल तेवढं मोठं होते."

महादेवरावांनी यंत्र उलटंपालटं करून पाहिलं. "याच्या पुड्या नाई बांधता येत," ते म्हणाले. हे कौतुक होतं की तक्रार, ते त्यांनाच माहीत.

प्रमिलाबाईंना अक्षरं आवडली. मोतीबिंदूच्या डोळ्यांना इतकी ठसठशीत अक्षरं कित्येक वर्षांत दिसली नव्हती. फक्त पुस्तक किती उरलं ते बोटांना कळत नव्हतं. हातातल्या पुस्तकाची उजवी बाजू पातळ होत गेली की मन तयारीला लागतं. इथं पहिलं पान तेवढंच जड आणि शेवटचंही तेवढंच. त्यामुळे शेवट अंगावर आला. वत्सला परत जाते. नवऱ्याच्या उंबरठ्यावर डोकं टेकते, तिसऱ्या दिवशी तापानं मरते, आणि लेखक पाऊण पानभर तिचे गुण गातो.

प्रमिलाबाईंनी यंत्र पालथं घातलं. आधी त्यांना त्या लेखकाचा संताप आला. आणि मग भीती वाटली. हे धुरपताला कळलं तर? जिच्या भरवशावर ती उंबरठ्याबाहेर उभी राहिली, ती बाई कागदावर कधी उभी राहिलीच नव्हती.

दुसऱ्याच दिवशी धुरपता मेथी घेऊन आली. रुचिका दारातच होती. तिला आतली गोष्ट काय माहीत!

"धुरपतामावशी, ते वत्सलाचं पुस्तक आईले सापडलं! पूर्ण!"

धुरपता ओसरीत टेकली. "मंग वाचा नं बाई. लय दिवस झाले ऐकून."

रुचिका चहा ठेवायला आत गेली. प्रमिलाबाईंनी शेवटच्या आठ पानांपासून सुरुवात केली. बटण दाबलं की यंत्राचा पडदा क्षणभर काळा व्हायचा आणि नवं पान यायचं.

"डोया मिचकावते हे त," धुरपता हसून म्हणाली.

सहा पानं झाली. पुढच्या पानावर वत्सला जामच्या नव्हे, पण तसल्याच एका घराच्या वाटेला लागली होती. प्रमिलाबाईंचा अंगठा बटणावरून बाजूला झाला. पडद्यावर डोळे ठेवून त्या म्हणू लागल्या, वत्सला परत गेली नाही, तिनं नाल्याकाठची अर्धा एकर जमीन घेतली, मेथी लावली, सांबार लावला. सोळा वर्षांपूर्वीचा एक शब्दही इकडचा तिकडे झाला नाही. शेवटी पोरगी शाळेत गेली आणि त्या थांबल्या.

धुरपतानं यंत्राकडे बोट केलं. मग म्हणाली, "बाई, यानं डोया नाई मिचकावला."

प्रमिलाबाईंनी यंत्र मांडीवर ठेवलं. आता लपवण्यात अर्थ नव्हता. "खोटं वाचलं मी, धुरपता. तवाही अन् आताही. वत्सला वापस गेलती."

"अन् तापानं मेली," धुरपता म्हणाली. "मले माईत आहे."

"तुले? कसं?"

"वहिनीच्या मसाल्याच्या डब्यात बुडाशी कागद होता. जिऱ्याच्या पुड्यांचे दोन पानं. खुशी चौथीत होती, तिनं वाचून दाखवले. पोरगी लय रडली. मी नाई रडली. तवा माह्या वावरात मेथी उभी होती."

"मंग मले आनून काऊन नाई देल्ले?"

"देल्ले असते त तुमी खरं वाचलं असतं. मले तुमचंच पायजे होतं." धुरपतानं मेथीची जुडी सोडली. "बाई, मले वाचता येत नाई, पण पान कोरं आहे का छापील, तेवढं त दिसते. त्या दिवशीच दिसलं होतं. म्हटलं, एवढी शिकलेली बाई माह्यासाठी कोरं पान वाचून राह्यली, मंग आपून काऊन भ्यावं?"

प्रमिलाबाईंना रडू आलं आणि त्यांनी ते आवरलंही नाही. सोळा वर्षांचा गोळा होता, त्याला एवढा वेळ तर लागणारच.

"आता पुडे वाचा," धुरपता म्हणाली. "पोरगी शाळेत गेली. मंग?"

प्रमिलाबाईंनी डोळे पुसले आणि सवयीनं यंत्राकडे पाहिलं. त्याच्याजवळ वत्सलाच्या मरणापुढे काहीच नव्हतं. त्यांनी ते बाजूला ठेवलं, आत जाऊन फडताळातलं हळदीच्या डागांचं जुनं पुस्तक आणलं आणि पुठ्ठ्याजवळचं कोरं पान उघडलं. चष्मा सावरला.

धुरपतानं सूप ओढून घेतलं आणि मेथी निवडायला सुरुवात केली.