ब्रेकवर पाय असताना

मित्रांनो, तुम्ही मला कधी पाहिलं नसेल, पण ऐकलं नक्की असेल. गाडी वळताना टिक्-टिक् वाजतं ना, तो मी. स्टिअरिंगच्या खाली बसलेली काडेपेटीएवढी जुनी डबी. मला फ्लॅशर म्हणतात. इंडिकेटरचा दिवा लावायचा आणि विझवायचा, एवढंच माझं काम. सोळा वर्षं करतोय.

कारखान्यात एका बाईंनी मला कानाशी धरलं होतं आणि म्हणाल्या होत्या, "हा गोड वाजतोय." आयुष्यातली स्तुती म्हणाल तर तेवढीच. मग मी कर्वेनगरच्या ज्ञानदेवकाकांच्या गाडीत आलो. गल्लीत चिटपाखरू नसलं तरी काका इंडिकेटर देणार. पुण्यात असा मालक मिळायला नशीब लागतं. दर गुरुवारी आम्ही वाघोलीला त्यांच्या थोरल्या बहिणीकडे जायचो. तिच्याकडे दुसरं कोणी येणारं नव्हतं.

यंदा दिवाळीनंतर मला काहीतरी व्हायला लागलं. मधूनच छाती दुप्पट धडधडायची. वळण संपलं की पुन्हा शांत. का, ते कळेना. काकांना टिकटिक ऐकू यायची; ती भरभर की सावकाश, हे त्या हॉर्नच्या गोंगाटात कुठे कळणार?

एकदा त्यांची लेक उल्का स्कूटरवरून मागून येत होती. घरी पोचल्या पोचल्या तिने सुरू केलं, "बाबा, इंडिकेटर न देता वळलात. धडकले असते मी!"

"दिला होता गं. टिकटिक वाजत होती."

"मागे काहीही लागलं नव्हतं."

लगेच पार्किंगमध्ये तपासणी झाली. काका आत, उल्का मागे.

"लागतोय," ती म्हणाली. मग तिचा आवाज एकदम मऊ झाला. तोच मला जास्त टोचला. "होतं असं, बाबा. वयाबरोबर विसरायला होतं."

असं तीनदा झालं. रस्त्यावर लागत नाही, घरी लागतो! तिसऱ्यांदा ती म्हणाली, "रविवारी गिऱ्हाईक येतंय गाडीला. आत्याकडे कॅबने जात जा."

काका भांडले नाहीत. स्वतःच्या हाताकडे बघत म्हणाले, "नसेल दिला बुवा."

मी आतून ओरडत होतो, दिला होता! पण मला टिकटिकीपलीकडे बोलता कुठे येतं? आणि खरं सांगू? माझाही माझ्यावरचा विश्वास उडाला होता.

"विकायची तर धड करून विकू," म्हणून शनिवारी काकांनी गाडी नागोराव वायरमनकडे नेली. नागोरावने बल्ब बदलला. मला उपटून माझ्या जागी नवा फ्लॅशर खोचला. मी पान्यांच्या शेजारी पडून राहिलो. दिवा आधीही लागत होता, नंतरही लागला.

"काका, दुखणं काय आहे? पेशंट तर ठणठणीत."

"दुखणं मीच आहे," काका म्हणाले.

नागोरावने त्यांच्याकडे नीट पाहिलं. "वळताना काय काय करता, ते तसंच्या तसं करून दाखवा. लाजू नका, हवं तर समोरच्याला शिव्याही द्या."

काका बसले. आरशात पाहिलं. डावा इंडिकेटर दिला. वळण येतंय म्हणून ब्रेकवर पाय ठेवला.

मागचा दिवा गप्प झाला. नवा फ्लॅशर धापा टाकायला लागला. अगदी माझ्यासारखा!

"पाय काढा... लागला. ठेवा... गेला! सापडला बघा चोर!"

मागच्या दिव्यांची एक वायर गाडीच्या पत्र्याला स्क्रूने जोडलेली असते. वीज परत जाते ती तिथूनच. त्या जागी गंज चढला होता. एका दिव्याची वीज कशीबशी जायची. ब्रेकचाही दिवा लागला की वाट अडायची, मागचा इंडिकेटर विझायचा आणि एक दिवा कमी झाला म्हणून मी भरभर धडधडायचो. आणि पार्किंगमध्ये उभ्या गाडीत ब्रेक दाबतंय कोण? नागोरावने पत्रा पॉलिशपेपरने घासला, स्क्रू आवळला आणि मला परत बसवलं. "जुनाच ठेवा. चांगला आहे."

संध्याकाळी उल्का पुन्हा गाडीच्या मागे उभी राहिली. काकांनी ब्रेक दाबून इंडिकेटर दिला.

"लागतोय," ती म्हणाली. मग खिडकीशी आली. "बाबा, मी तीन वेळा तुम्हाला..."

"असू दे गं. मलाही पटलं होतंच की."

गिऱ्हाइकाला तिनेच नको म्हणून कळवलं. गुरुवारी आम्ही वाघोलीला निघालो.

मित्रांनो, पत्र्यावरचा गंज दोन मिनिटांत निघाला. पण घरातल्या कुणाला "विसरलात" म्हणण्याआधी मागे जाऊन एखादा स्क्रू तपासत जा. कारण काका अजूनही प्रत्येक वळणाला हळूच विचारतात, "लागला ना रे?"

टिक्, मी म्हणतो. टिक्. टिक्.