सात नंबरच्या लॅबचा आकडा

खोकी ओली आली होती. तिथून सगळं बिघडलं.

आमची संस्था पुठ्ठ्याची खोकी चिरडते. खोकं मशीनमध्ये ठेवायचं, वरून दाब द्यायचा, किती किलोला बसतं ते लिहायचं. इथे स्वीडनमध्ये आम्ही, शिवाय फिनलंड, जर्मनी, हॉलंड, अशा एकूण अकरा संस्था आहेत. वर्षातून एकदा हॉलंडची संस्था सगळ्यांना खोकी पाठवते. आपापल्या मशीनवर चिरडा, आकडे कळवा. आकडे पटले की वर्षभर एकाचा रिपोर्ट दुसऱ्याकडे चालतो. नियम एकच, आकडे उघडेपर्यंत आपसात बोलायचं नाही.

यंदा ते काम गुन्वोरने मला दिलं. गुन्वोर माझी बॉस. डिसेंबरमध्ये माझं कंत्राट संपत होतं आणि मला कायम करायचं की नाही, हे तीच ठरवणार होती.

ओला पुठ्ठा आधी कोरड्या खोलीत सुकवायचा आणि मगच तेवीस अंशांच्या, पन्नास टक्के दमटपणाच्या खोलीत न्यायचा. नाहीतर तो पाणी धरून ठेवतो आणि लवकर बसतो. हे मला पाठ आहे. पण शुक्रवार होता, कोरडी खोली भरलेली होती. मी खोकी थेट दुसऱ्या खोलीत लावली.

सोमवारी तीसही चिरडली. सरासरी दोनशे चौऱ्याऐंशी किलो. पुठ्ठा बघून मला सव्वातीनशेच्या पुढे वाटत होतं. परत करायला एक खोकं उरलं नव्हतं.

फिनलंडच्या संस्थेत एटू आहे. आम्ही दोघं एकाच प्रशिक्षणात होतो. त्याला फोन लावला.

"एक विचारू?"

"नको विचारूस."

"नुसता अंदाज सांग रे."

"मेल्कर, माझी मुलगी तीन आठवड्यांची आहे. मला घरी बसवू नकोस." मी तरी फोन ठेवला नाही. शेवटी तो म्हणाला, "तीनशे एक्केचाळीस. ठेव आता."

मी माझे तीसही आकडे एक पूर्णांक दोनने गुणले आणि पाठवून दिले. सुटलो असं वाटलं.

बुधवारी साडेनऊच्या कॉफीला सगळे बसलो होतो. गुन्वोर वेलचीचा बन तोडत म्हणाली, "हॉलंडवाले यंदा शहाणे झालेत. दोन प्रकारची खोकी पाठवलीत. दिसायला सारखी, पण एकाचा पुठ्ठा कमजोर. कुणाला कुठली, ते फक्त त्यांनाच माहीत."

"का पण?" मी विचारलं.

"मागच्या वर्षी दोन लॅबनी गप्पा मारल्या म्हणे." ती हसली. "तुला काय झालं? बन खा की. एवढा पांढरा पडलायस, आमच्या भिंतीत हरवशील."

मी बन तसाच ठेवला. एटूला मजबूत खोकी आली असतील आणि मला कमजोर, तर? किंवा दोघांना एकच? मी दोन दिवस एवढाच विचार करत होतो. उठलं की तेच. पुठ्ठा तपासायला माझं एखादं चिरडलेलं खोकं मागच्या कचऱ्याच्या डब्यात सापडतंय का, तेही बघून आलो. कचऱ्याची गाडी सगळं घेऊन गेली होती. गुन्वोरच्या दारापर्यंत तीनदा गेलो आणि तिन्ही वेळा प्रिंटरकडे वळलो.

शुक्रवारी दहा वाजता पडद्यावर अकरा संस्था. हॉलंडच्या संस्थेतल्या फेम्केने सगळ्यांच्या आकड्यांचा तक्ता उघडला. ठिपक्यांचे दोन पुंजके होते, एक वर तीनशे चाळीसच्या आसपास, एक खाली दोनशे नव्वदला.

"सात नंबर," फेम्के म्हणाली. "तुम्हाला कमजोर खोकी पाठवली होती. तुम्ही वर कसे?"

सात नंबर आम्ही होतो. माझा खरा आकडा त्या खालच्या पुंजक्यात बसला असता. ओलसर खोकी असूनही बसला असता.

गुन्वोरने आमचा आवाज बंद केला. माझ्याकडे वळली नाही, पडद्याकडेच बघत होती. "मशीन बिघडलंय की तू?"

"मी."

"कुणाचा आकडा आहे?"

पडद्यावर कोपऱ्यातल्या चौकटीत एटू बसला होता. खांद्यावर दुधाचं फडकं तसंच राहिलं होतं. तो हलत नव्हता.

"आकडे मी बदलले," मी म्हणालो. "कुणी सांगितलं ते विचारू नकोस."

"मी नाही विचारणार. ते विचारतील." तिने आवाज सुरू केला आणि म्हणाली, "सात नंबरचे आकडे खोटे आहेत. आमच्याच माणसाने बदललेत. आम्ही माघार घेतो." फेम्केने फक्त काहीतरी लिहून घेतलं.

बैठक संपल्यावर गुन्वोरने कपाटातून या वर्षीच्या फायली काढल्या. माझी सही असलेले रिपोर्ट वेगळे करायला लागली. रक्ताच्या नमुन्यांची खोकी. बॅटऱ्यांची खोकी, विमानाने जाणारी.

"ते सगळे खरे आहेत," मी म्हणालो.

"असतील."

"गुन्वोर, शप्पथ."

"मेल्कर, मी हे कुणाला कसं सांगू, ते तू मला सांग."

तिने बॅटरीवाल्यांचा रिपोर्ट वर ठेवला, चष्मा लावला आणि त्यांचा नंबर फिरवला. मला जायला सांगितलं नव्हतं, म्हणून मी तिथेच उभा राहिलो. पलीकडे फोन वाजत होता.