चिमट्याशेजारचा विजेचा पेन

मी एक जुना विजेचा पेन आहे. पण मित्रांनो, माझ्यात शाई नाही आणि मी आजवर एक अक्षरही लिहिलेलं नाही. माझ्या टोकाला बारीक सुई आहे. नको असलेल्या केसाच्या कडेने ती कातडीत उतरवायची आणि मुळाशी अगदी हलकी वीज सोडायची, म्हणजे ते मूळ हळूहळू मरतं. एवढंच माझं काम. कतारमधल्या दोह्याच्या अल सद्द भागात एका फ्लॅटच्या बाथरूममध्ये एक ड्रॉवर आहे, तिथे मी राहतो. तिथे ऊन येत नाही. एसीची घरघर तेवढी ऐकू येते. शेजारी एक चिमटा असतो. आमचं पटत नाही.

कुठल्याशा कारखान्यात मला जोडलं. प्लॅस्टिकचं अंग, आत बॅटरी, पाठीवर धातूची पट्टी, पोटाला वीज कमीजास्त करायचं गोल बटण. मग खोक्यात कोंबलं. खोकं उघडलं ते नुपूरने, बाथरूमचं दार आतून लावून. मला वाटलं, सुटलो. कसचं काय! एका कोंडीतून निघालो तो दुसऱ्या कोंडीत पडलो.

नुपूर मूळची नाशिकची, पण वाढली इथेच. दोह्याला लागूनच असलेल्या लुसैलला एका कंपनीत ती इंजिनीअर आहे. शाळेत असताना तिच्या हनुवटीवर राठ केस येऊ लागले. वर्गातल्या एका मुलीने सगळ्यांसमोर तिला "हॅलो अंकल" म्हटलं. तेव्हापासून रोज सकाळी दार लावून ती ते चिमट्याने उपटत आली. आई गालावरून हात फिरवायला आली की मान वळवायची. पुढे आईनेही हात पुढे करणं सोडलं.

मित्रांनो, उपटलेल्या केसाची एक गोष्ट सांगतो. ज्याला कुणी छेडलं नाही तो केस सरळ असतो, माझी सुई नेमकी मुळापाशी पोहोचते. पण वर्षानुवर्षं ओढलेल्या केसाचं मूळ आत वाकडं होतं आणि खोल जातं. वरून दिसतो सरळ, खाली वाट वळलेली. त्याला वीज वाढवून उपयोग नाही. वीज थोडीच ठेवायची, वेळ जरा जास्त द्यायचा, आणि तोच केस पुन्हा उगवला की पुन्हा बसायचं. त्यासाठी तो तांदळाच्या कणीएवढा वाढू द्यावा लागतो. तेवढे दिवस चिमट्याला हात लावायचा नाही.

नुपूरला हे ठाऊक होतं, पण तिला धीर नव्हता. अभिजितशी तिचं लग्न ठरलं होतं. लग्न नाशिकला होतं, पण इथल्या मराठी मंडळातल्या बायकांना तिकडे जाणं जमणार नव्हतं, म्हणून एक हळद इथेच घरी करायची असं तिच्या आईने, सरोजताईंनी, ठरवलं.

"आई, हळद नको. प्लीज, कॅन्सल कर."

"हळद म्हणजे काय मीटिंग आहे का गं कॅन्सल करायला?"

कारण मात्र नुपूर सांगेना. हळद लावायची म्हणजे दहाजणींचे हात तोंडावरून फिरणार. त्या हातांना हनुवटी टोचणार.

मग तिने माझ्यावर घाई केली. एसीने हात कोरडे पडायचे म्हणून आईच्या सांगण्यावरून ती खोबरेल चोळायची, आणि त्याच तेलकट हाताने मला धरायची. माझ्या पाठीवरच्या पट्टीला ओलसर बोट लागलं तरच वीज फिरते. तेलातून ती कशी फिरणार? काही जाणवेना, म्हणून तिने बटण वर नेलं. तरी जाणवेना, म्हणून आणखी वर. एका संध्याकाळी तोंड धुऊन ओल्या हातानेच तिने मला उचललं. बटण होतं तिथेच, शेवटच्या खुणेवर. ती किंचाळली. कातडी भाजली, हनुवटीवर काळपट खपली धरली. तिने मला ड्रॉवरमध्ये फेकलं आणि चिमटा उचलला. अंधारात पडल्यापडल्या मी ते ओढणं ऐकत होतो. प्रत्येक ओढीला एकेक मूळ आणखी वाकडं होत होतं, आणि मला बोलता येत नव्हतं.

ती घरातसुद्धा मास्क लावू लागली. सरोजताईंनी दोन दिवस पाहिलं. मग बाथरूमच्या दारापाशीच स्टूल टाकून बसल्या.

"मी आता इथेच तांदूळ निवडते. तू कधीतरी बाहेर येशीलच."

मग कडी निघाली. नुपूरने मास्क काढला. सरोजताई खपलीकडे बघत राहिल्या.

"मला सांगायला काय झालं होतं गं?"

"काय सांगू? तुझ्या मुलीला दाढी येते म्हणून?"

"माझ्या आईलाही होती. ती पदर धरून बसायची. तू मास्क लावतेस."

खपली पडून कातडी नीट होईपर्यंत त्यांनी मला बाहेर काढू दिलं नाही. चिमटाही नाही. केस वाढले. नुपूर मास्क लावून ऑफिसला जायची आणि दिवस मोजायची. मग एका शुक्रवारी सकाळी सरोजताईंनी तांदूळ निवडायचा चष्मा लावला, सुई स्पिरिटने पुसली, बटण सगळ्यांत खाली आणलं आणि मला हातात घेतलं. सुई बरोबर बसली. पण वीज फिरेना.

"बिघडलंय का गं हे?"

नुपूर हळूच म्हणाली, "आई, तुझा दुसरा हात मला लागायला हवा. ओला करून, गालावर. नाहीतर करंट पोहोचत नाही."

सरोजताईंचा हात हवेतच थांबला. मग त्यांनी तो पाण्यात बुडवला आणि लेकीच्या गालावर ठेवला. नुपूरने मान वळवली नाही. माझ्या अंगातून वीज निघाली, दोघींमधून फिरली आणि परत आली. पहिला केस सैल व्हायला फार वेळ लागला. सरोजताईंनी ओढला नाही. तो अलगद आला.

हळदीपर्यंत बरेच केस गेले, पण सगळे नाही. वाकडी मुळं काही महिन्यांत जात नसतात. हळदीच्या सकाळी बाहेर बायकांचा गलका चालू असताना नुपूर आत आली, कडी लावली, ड्रॉवर उघडला आणि चिमटा हातात घेतला.

"नुपे, सगळ्या थांबल्यात गं," बाहेरून सरोजताई म्हणाल्या.

"पाचसहा राहिलेत आई."

"राहू देत."

चिमटा हवेत तसाच राहिला. मग तो माझ्या शेजारी पडला. नुपूर बाहेर गेली, ड्रॉवर आणि दार दोन्ही उघडं ठेवून.

शेजारच्या हिल्डा आंटी, वसईच्या, सगळ्यांत पुढे होत्या. त्यांचा हळदीचा हात गालावरून खाली आला आणि थांबला.

"काय गो, इथे टोचतंय माझ्या हाताला!"

सरोजताई काही बोलणार, तेवढ्यात नुपूरच म्हणाली, "केस आहेत आंटी. उपटायचे नाहीत आता. मशीनने काढतोय आम्ही, हळूहळू."

"बरं केलंस. माझ्या नवऱ्याला, चार्ल्सला, अजून वाटतं, त्याची ब्लेडं आपोआप बोथट होतात!"

बायका हसून हसून लोळल्या. हिल्डा आंटी म्हणाल्या, "थांब, तिथे जरा जास्त लावते." आणि त्यांनी हनुवटीवर मूठभर हळद थापली. नुपूरचं हसणं मी पहिल्यांदाच दार उघडं असताना ऐकलं.

मित्रांनो, मी अजून ड्रॉवरमध्येच आहे. बॅटरी मंदावली आहे, पण काम उरलं आहे. तुमच्या घरी माझ्यासारखं कुणी पडलं असेल, तर त्याला पुसून कोरडं ठेवा. आणि घरात कुणी कडी लावून बसलं असेल, तर दार धडधडा वाजवू नका. बाहेर स्टूल टाकून बसा.