परसातलं जपानी फळ

मोहिनीनं कोर्टात लग्न केलं, त्याच दिवशी तिच्या बापानं, नत्थूजींनी, सांगून टाकलं, की या पोरीचं नाव आता घरात निघायचं नाही. पोरगी सेवाग्रामच्या दवाखान्यात नर्स होती. पुलगावच्या लष्करी डेपोत नोकरीला असलेल्या ओमप्रकाशशी तिचं जमलं. तो हिमाचलचा, ना जातीचा ना बोलीचा. पुढं नोकरी सोडून तो बापाची बाग पाहायला गावी गेला, तशी तीही गेली. माहेरी, तळेगावात, कितीतरी दिवस दुसरा विषय नव्हता. मोहिनीची आई लीलाबाई दिसली की बाया बोलता बोलता गप्प व्हायच्या.

दोन वर्षांनी, ऐन थंडीत, मोहिनी एकटीच आली. तिला फाटकात पाहताच नत्थूजींनी पायात वहाणा सरकवल्या आणि वावराची वाट धरली. मोहिनीच्या हातात ओल्या पोत्यात गुंडाळलेल्या दोन काड्या होत्या. एक पान नाही, नुसत्या मुळ्या.

"आई, आमच्याकडं याले जापानी फल म्हनतात. आपल्या टेंभराच्याच, तेंदूच्या गोतातलं हाय. पन थंडीतलं झाड. इथलं ऊन सोसन का नाई, मले सांगता येत नाई."

"सोसन कसं नाई!" लीलाबाई म्हणाली. "इथं कोनाले विचारून ऊन पडते?"

बाप यायच्या आत मोहिनी दुपारच्या बसनं परत गेली.

लीलाबाईनं परसात, घराच्या उगवतीच्या भिंतीलगत, दोन खड्डे खणले. तिथं दुपारनंतर घराची सावली यायची. काळ्या मातीत पाणी साचून मुळं सडतील म्हणून तिनं नाल्यावरची रेती आणून मिसळली, वर शेणखत घातलं. संध्याकाळी नत्थूजी आले.

"हे काय लावलं?"

"झाड."

"कोनी आनलं?"

"माह्या पोरीनं."

दोन वर्षांत 'पोरगी' हा शब्द त्या घरात पहिल्यांदा उमटला.  नत्थूजी म्हणाले, "मे महिना येऊ दे. मंग पाह्यजो."

मे आला तो आग ओकतच. लीलाबाईनं तुरीच्या तुऱ्हाट्यांचं कूड केलं, वर जुनं लुगडं ताणलं, बुंध्याशी पाल्याचा जाड थर दिला, खोडाला चुना फासला. आंघोळ, भांडी, कपडे, सगळं पाणी तिकडंच वळवलं. तरी एक झाड वाळलंच.

"म्हटलं नोतं?" नत्थूजी म्हणाले.

"एक गेलं. एक हाय."

राहिलेल्या झाडानं पावसाळ्यात अंग धरलं. पण हिवाळा लागला तशी त्याची पानं लालभडक झाली आणि एकेक करून सगळी गळून पडली. उघडी काडी पाहून नत्थूजी कुऱ्हाड घेऊनच परसात आले. म्हशीसाठी गोठा बांधायचा होता, आणि त्यांना जागा हीच हवी होती.

"वाळलं ते. सरक."

लीलाबाई सरकली नाही. तिनं नखानं खोडाची साल किंचित खरवडली. आत हिरवं होतं.

"पाहा. झोपलं हाय, मेलं नाई. गोठा समोर बांधा."

"समोर? लोक हासतील! आन् घर कोनाचं हाय?"

"घर असन तुमचं. पोरगी तं दोघांची होती ना? ते तुमी एकट्यानंच काढून टाकली. तवा मी बोलली नाई. आता बोलून राह्यली."

तिनं त्यांच्या हातातली कुऱ्हाड काढून घेतली, घरात नेली आणि आपल्या खाटेखाली सरकवली. नत्थूजींनी कितीतरी दिवस अबोला धरला. गोठा मात्र समोरच झाला. येणारा-जाणारा विचारायचा, म्हैस काऊन दारात बांधली? 

आणखी काही वर्षांनी झाडाला फळं धरली. बरीच गळून गेली, काही वानरांनी नेली. उरलेल्यांना लीलाबाईनं फडक्यांच्या पिशव्या बांधल्या आणि डबा बडवत दिवसदिवस राखण केली. दसरा सरला तशी ती केशरी झाली. शेजारच्या आनंदाबाईला धीर निघेना. तिनं एक तोडून कचकन चावा घेतला.

"अवो माय! किती तुरट! तोंडाले कुलूप लागलं!"

आळी हसली. नत्थूजीही हसले. "जिनं आनलं, तिच्यासारखंच निघालं."

 लीलाबाईनं फळं उतरवून पिकल्या केळ्यांसोबत गव्हाच्या कोठीत दडपली. काही दिवसांनी काढली, तर बोट लावताच दबतील इतकी मऊ झालेली, आतला गर गुळासारखा. तिनं ठेवणीतलं लुगडं नेसलं, फोडी ताटात मांडल्या आणि भर सकाळी घरोघर निघाली.

"घ्या. माह्या मोहिनीनं देल्लं झाड व्हय. तिच्या सासरचं फळ."

प्रत्येक दारात हेच. आनंदाबाईनं भीत भीत फोड तोंडात टाकली आणि दुसरीसाठी हात पुढं केला. शेवटी लीलाबाई चावडीवर गेली. तिथं गड्यांच्या घोळक्यात नत्थूजी बसले होते.

"घरी चाल," ते दबक्या आवाजात म्हणाले.

"वाटून झालं की येतो."

गड्यांनी फोडी घेतल्या. एका म्हाताऱ्यानं बोटं चाटत विचारलं, "कशी हाय मोहिनी?"

इतक्या वर्षांत असं चारचौघांत कोणी विचारलं नव्हतं. लीलाबाईनं आवाज खाली येऊ दिला नाही.

"मजेत हाय. पोरगी झाली तिले. दिवाळी झाली की येऊन राह्यली, नवऱ्याले घेऊन. आपल्याच घरी उतरन."

नत्थूजी उठून चालू लागले. फळाला त्यांनी हात लावला नाही.

दिवाळीनंतर ती तिघं आली. या खेपेला नत्थूजी वावरात गेले नाहीत, पण जावयाशी बोललेही नाहीत. ताट घेऊन गोठ्याकडं जाऊन जेवले. लीलाबाईनं त्यांची मनधरणी केली नाही. तिनं जावयाचा पाट माजघरात मधोमध मांडला.

दुसऱ्या दिवशी चहा घेताना नत्थूजींनी भिंतीकडं पाहत विचारलं, "किती दिवस राह्यनार हाय?"

"मन भरन तवर," लीलाबाई म्हणाली, आणि मांडीवरच्या नातीला राखून ठेवलेल्या फळाचा गर चमच्यानं भरवू लागली.