वहिदाचा डावा हात

मित्रांनो, आज मी बाळाची झोळी असले तरी जन्माने सारोंग, म्हणजे कमरेला गुंडाळून नेसायचं वस्त्र आहे. मलेशियातल्या कोटा भारूजवळच्या कारखान्यात तांब्याच्या ठशाने माझ्यावर गरम मेण उमटवलं, मला लाल रंगात बुडवलं आणि उकळत्या पाण्यात ते मेण पुन्हा उतरवलं. लग्नानंतरच्या पहिल्या ईदला मेक जाह मला नेसली, तेव्हा शेजारणी माझा रंग बघायला थांबल्या होत्या. धुऊन धुऊन मी मऊ झाले, तशी तिने मला तुळईच्या स्प्रिंगला टांगलं. तिचा मुलगा रिदवान माझ्यात झोपून वाढला. मग पंचवीस वर्षं मी पेटीत पडून होते. रिदवानला उमैरा झाली आणि मी पुन्हा उजेडात आले.

उमैरा दहा महिन्यांची असताना तिच्या आईच्या, वहिदाच्या डाव्या स्तनात कर्करोगाची गाठ निघाली. शस्त्रक्रियेत ती गाठ काढली, काखेतल्या काही लसिकाग्रंथीही काढल्या. वहिदा घरी आली ती थेट सासूच्या ताब्यात.

मेक जाह गावातल्या बाळंतिणींची सांभाळकरीण. चव्वेचाळीस दिवस पोटपट्टा, गरम दगडाचा शेक आणि पथ्य. कापलेलं अंग म्हणजे बांधायचं आणि हलवायचं नाही, एवढंच तिला ठाऊक. तिने सुनेचा डावा हात पट्ट्याने अंगाशी बांधून टाकला. जखम भरावी म्हणून रोज मरळ माशाचं कढण पाजलं. हात वर नेण्याच्या व्यायामाचा इस्पितळातला कागद तांदळाच्या डब्याखाली गेला. वहिदा कॉलेज शिकलेली, पण टाके उसवतील या भीतीने तीही गप्प राहिली.

जखम सुरेख भरली. मेक जाह गावभर सांगून आली.

पाचव्या आठवड्यात वहिदा इस्पितळातून परतली आणि माझ्याखाली चटईवर बसली. किरणोपचार घ्यायचे तर हात डोक्यावर ठेवून निजावं लागतं. तिचा हात खांद्याच्या वर जाईना. डॉक्टरीणबाईंनी दोन वाटा सांगितल्या होत्या. हात वर आला तर स्तन राखून तीन आठवडे रोज किरण घ्यायचे. नाहीतर पुन्हा शस्त्रक्रिया करून सगळा स्तन काढायचा. तिच्यासाठी दोन्ही वाटा सारख्याच चांगल्या, पण फार थांबता येणार नव्हतं. तीन आठवड्यांनी या, असं त्या म्हणाल्या होत्या.

"काढूनच टाकू या, मेक," वहिदा सासूला म्हणाली. "हा हात काही वर यायचा नाही."

मेक जाहने हाताचा तो पट्टा गुंडाळून बाजूला ठेवला.

"अख्ख्या गावाच्या बायका उभ्या केल्या मी, आणि घरच्या सुनेला मोळीसारखी बांधून ठेवली. हात मी अडवलाय, पोरी. आधी तो वर आणू. मग काढायचं की राखायचं, ते तू ठरव. हात येत नाही म्हणून ठरवू नकोस."

"आणि दुखलं तर?"

"तर मला शिव्या घाल. सासूला शिव्या द्यायचा योग रोज येत नाही."

मेक जाहने चष्मा लावून डब्याखालचा तो कागद ओळीओळीने वाचला. मग रिदवानने मला झोका द्यायला दोरी बांधली आणि ती खांबावरच्या खिळ्यावरून घेतली. वहिदाने ती खिळ्यापाशी डाव्या हाताने धरायची आणि मला झोके द्यायचे. दुखणं फार वाढलं तर थांबायचं, नाहीतर खिळा रोज बोटभर वर. झोका थांबला की उमैरा घर डोक्यावर घ्यायची, त्यामुळे टाळाटाळीला जागाच नव्हती. वहिदाच्या डोळ्यांत पाणी यायचं. मेक जाह खांदा चोळून द्यायची आणि निमूट शिव्या ऐकायची.

तिसऱ्या आठवड्याच्या शेवटी दंड कानाला टेकला. इस्पितळात जाऊन आल्यावर वहिदाने सांगितलं की ती किरण घेणार.

"मी असते तर काढून मोकळी झाले असते," मेक जाह पुटपुटली.

"माहीत आहे मला. म्हणून तर तुम्हाला विचारलं नाही."

मेक जाह हसली आणि बसची वेळ विचारायला गेली.

मित्रांनो, आता वहिदा रोज सकाळी बसने जाते. पुढे काय होईल ते मला कळत नाही, मी साधं कापड. माझं एकच मागणं आहे. ज्याच्यावर जीव आहे त्याला जपा, पण जपताना अधूनमधून गाठ सैल करा आणि त्यालाच विचारा, दुखतंय का, आणि तुला काय हवंय?